उणे दीडशेवरचे नऊ तास

त्रिशलाच्या पोटातल्या बाळाचे हृदय नव्वद मिनिटांत नऊ वेळा थांबले, असे यंत्राने सोमवारी दुपारी दाखवले. यंत्रासमोर पद्मजा मगदूम बसली होती. मिरजेच्या त्या प्रसूती-रुग्णालयात यंत्राची सगळी जबाबदारी तिची होती, आणि त्रिशला तिच्या धाकट्या भावाची, सन्मतीची बायको होती.

प्रत्येक विराम दीड-दोन सेकंदांचा. ऐकायला काहीच नाही. पण एकोणतीस आठवड्यांच्या बाळाचे हृदय सेकंदाला दोनाहून जास्त ठोके देते. दोन सेकंद गप्प म्हणजे चार-पाच ठोके गेले. त्रिशलाने पलंगावरून विचारले, झालं का अक्का? पद्मजाने झालं म्हणून सांगितले. आवाज नेहमीसारखा ठेवायला तिला फार कष्ट पडले.

त्रिशलाचे पहिले बाळ चार वर्षांपूर्वी बत्तिसाव्या आठवड्यात पोटातच गेले होते. का गेले ते कुणालाच सांगता आले नव्हते. त्यामुळे या खेपेला घरात कुणी पाळण्याचा विषयसुद्धा काढत नव्हते. सन्मती रोज सकाळी कामावर जाताना एकच प्रश्न विचारायचा, हललं का? आणि त्रिशला हो म्हणेपर्यंत चपला घालायचा नाही.

डॉक्टर हुक्केरींनी आलेख दोनदा पाहिला. मग सोनोग्राफीवर वीस मिनिटे बाळाचे हृदय बघत बसले. त्यात एकही विराम दिसला नाही. पण त्यावर विसंबता येणार नाही, असे त्यांनी सन्मतीला समजावले. नव्वद मिनिटांत नऊ, म्हणजे वीस मिनिटांत दोन दिसायला हवे होते. नाही दिसले, तरी नाहीतच असे म्हणता येत नाही. बाळाची फुफ्फुसे पिकवणारी इंजेक्शने आज आणि उद्या द्यायची आणि बुधवारी शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढायचे, असे ठरले. एकोणतिसाव्या आठवड्यातले मूल जगते, पण सुखासुखी नाही. फुफ्फुसे, डोळे, मेंदू, कशालाही इजा होऊ शकते. हेही हुक्केरींनी लपवले नाही.

चार जिल्ह्यांत असे यंत्र एकच होते. हृदयाचा ठोका म्हणजे विजेची एक लहर, आणि वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकक्षेत्र उमटते. गर्भातल्या हृदयाचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रापेक्षा कोटी पटींनी क्षीण असते. ते पकडायला यंत्रात चौसष्ट संवेदक होते आणि प्रत्येकात निओबियम धातूचा एक पापुद्रा. केसाच्या जाडीचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा पातळ. द्रव हेलियममध्ये, म्हणजे उणे दोनशे एकोणसत्तर अंशांवर, हा पापुद्रा अतिवाहक होतो. त्यातून वीज कसल्याही अडथळ्याशिवाय वाहते, आणि मग बाहेरच्या चुंबकक्षेत्रातला इवलासा बदलही त्याला जाणवतो. गेल्या तीन वर्षांत या यंत्राने खरोखरच काही बाळे वाचवली होती. बायका त्याला मशीन म्हणत नसत, 'ठोकेवाली बाई' म्हणत.

मंगळवारी सकाळी पद्मजा कामावर लवकर आली आणि जुने अहवाल काढून बसली. कशासाठी, ते तिला स्वतःलाही नीट सांगता आले नसते. तीन वर्षांत सातशेवर बायका तपासल्या होत्या आणि असे विराम सापडले होते फक्त आठ जणींच्या बाळांत. पण गेल्या सोळा दिवसांत अकरा बायका तपासल्या, त्यात चौघींना विराम. चौथी त्रिशला.

तिने तो आकडा पुन्हा पाहिला. आधीच्या तिघींच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. तिन्ही बाळे अपुऱ्या दिवसांची, अजून काचेच्या पेटीत होती. जन्मानंतर तिघांच्याही हृदयाची तपासणी झाली होती आणि तिघांचेही ठोके अगदी नियमित होते. त्या वेळी सगळ्यांना आनंदच झाला होता. बरे झाले वेळेवर काढले, असे जो तो म्हणाला होता. पद्मजाही म्हणाली होती.

यंत्र चुकले असते, तर ते असेच दिसले असते. धडधाकट बाळ बाहेर काढायचे, त्याचे हृदय चांगले निघायचे, आणि लोकांनी यंत्राचे आभार मानायचे. ही चूक कधी उघडकीलाच आली नसती.

सोळा दिवसांपूर्वी गावातले वीज उपकेंद्र बंद पडले होते. रुग्णालयाचा जनरेटर अर्ध्याच ताकदीने चालला. यंत्र तापत तापत उणे दीडशे अंशांपर्यंत आले आणि तिथेच अडकले. पुरते गरमही होईना, थंडही होईना. असे नऊ तास गेले. वीज आल्यावर पद्मजाने ते पुन्हा थंड केले, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे अगदी सावकाश. घाई केली तर पापुद्रे तडकतात. यंत्र सुरू झाले, चाचण्यांत उतरले, आणि तिने वहीत 'सर्व ठीक' लिहून सही केली होती.

हे पापुद्रे सहा महिन्यांपूर्वीच नवे बसवले होते. ते जिथे तयार होतात त्या पुण्याच्या कारखान्यात वैदेही अभ्यंकर नावाची अभियंता होती. बसवण्याच्या वेळी तिची पद्मजाशी ओळख झाली होती. पद्मजाने तिला फोन केला. वैदेही आधी सावधपणे बोलली. पण पद्मजाने नऊ तासांची गोष्ट सांगितली, तशी तिने या पापुद्र्यांच्या खेपेची नोंद काढली.

मग तिने सांगितले ते असे. निओबियमला हायड्रोजनची फार ओढ. कोरडी जमीन पाणी पिते तसा तो धातू हायड्रोजन पिऊन घेतो. एरवी धातूवर ऑक्साइडची पातळ साय असते, ती हायड्रोजनला अडवते. या नव्या खेपेत पापुद्रे धुण्यासाठी जास्त तीव्र आम्ल वापरले होते. त्यात साय निघून गेली आणि हायड्रोजन आत शिरला. नेहमीच्या तापमानाला तो धातूत विरघळलेला, सगळीकडे सारखा पसरलेला असतो, काही बिघडवत नाही. अतिथंड तापमानालाही त्याला हालचाल करता येत नाही, जिथे असेल तिथेच तो थिजतो. धोका असतो मधल्या पट्ट्यात, उणे एकशे वीस ते उणे एकशे सत्तर अंशांच्या दरम्यान. तिथे त्याला एकत्र येण्याची बुद्धी होते आणि सरकण्याइतकी ऊबही असते. तो गोळा होतो आणि धातूत हायड्राइडची बारीक बेटे तयार होतात.

"आम्ही हा पट्टा नेहमी मिनिटांत पार करतो," वैदेही म्हणाली. "तिथं नऊ तास थांबून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

ती बेटे अतिवाहक होत नाहीत. चुंबकक्षेत्राचा एखादा धागा तिथे अडकतो आणि मधेच सुटतो. सुटला की संवेदकाचा आकडा एकदम उडी मारतो. अशी उडी म्हणजे बाहेरचा गोंगाट, असे समजून यंत्राची संगणकप्रणाली तेवढा भाग पुसून टाकते. पुसलेल्या जागी सरळ रेघ राहते. आलेखात ती रेघ थांबलेल्या हृदयासारखी दिसते.

पद्मजाला खात्री हवी होती. यंत्र तपासण्यासाठी एक तांब्याचे वेटोळे होते. त्यात ठरलेल्या तालावर वीज सोडली की बाळाच्या ठोक्यासारखे क्षेत्र तयार होई. तिने ते रिकाम्या पलंगावर ठेवले, मिनिटाला एकशे चाळीस ठोके लावले, आणि पडद्यासमोर बसली. चाळीस मिनिटे काहीच झाले नाही. रेघ सुतासारखी सरळ चालली होती. आपल्या माणसाच्या बाबतीत मन पळवाटा शोधते, असे तिला वाटू लागले. एकेचाळिसाव्या मिनिटाला वेटोळे दीड सेकंद थांबले. तांबे काही थांबत नाही.

नव्वद मिनिटांत असे चार विराम आले. अकरांतल्या उरलेल्या सात जणींची तपासणी अर्ध्या तासातच आटोपली होती, म्हणून त्यांच्यात काही दिसले नव्हते.

ती आलेख घेऊन डॉक्टर हुक्केरींकडे गेली. ते अठ्ठावन्न वर्षांचे, फार कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले. मधेच एकदा त्यांनी टेबलावरची तिन्ही बाळांची कागदपत्रे उलटी करून ठेवली. शेवटी ते म्हणाले, "चार विराम यंत्राचे, हे मी मानतो. पण त्रिशलाचे नऊ आहेत, मगदूमबाई. उरलेले पाच कुणाचे?"

जिवंत बाई पलंगावर असताना, श्वास चालू असताना, उड्या जास्त येत असतील, एवढाच तिचा अंदाज होता, आणि अंदाजावर बाळ पोटात ठेवायचे नसते.

उपाय एकच होता. यंत्र पूर्ण गरम करायचे, म्हणजे बेटे विरघळतील. मग मधल्या पट्ट्यातून ते झटक्यात खाली न्यायचे, म्हणजे हायड्रोजनला गोळा व्हायला वेळच मिळणार नाही. गरम व्हायला दीड दिवस, थंड व्हायला एक. शुक्रवारी सकाळी त्रिशलाला पुन्हा तपासता येईल. आणि झटका देताना पापुद्रे तडकले तर यंत्र संपले, चार जिल्ह्यांसाठी. त्याची परवानगी आपण देतो, विश्वस्तांना आपणच तोंड देऊ, असे हुक्केरी म्हणाले. पण बुधवारची शस्त्रक्रिया शुक्रवारवर ढकलायची की नाही, हे त्रिशलाने आणि सन्मतीने ठरवायचे.

संध्याकाळी पाच वाजता वॉर्डात पद्मजाने दोघांना सगळे सांगितले. स्वतःची सही कुठे होती तेही सांगितले. सन्मती आधी ऐकत होता, मग त्याचा चेहरा लाल झाला.

"काल तूच म्हणालीस नऊ वेळा थांबलं. आज म्हणतेस थांबलंच नसेल," तो म्हणाला. "मागच्या खेपेलाही सगळे थांबा म्हणत होते, अक्का. आपण थांबलो."

मागच्या खेपेला थांबा म्हणणाऱ्यांत ती स्वतः होती.

त्रिशला इतका वेळ उशीला टेकून बसली होती. तिने नवऱ्याला चहा आणायला पाठवले. तो गेल्यावर तिने विचारले, "मी तुमची कुणी नसते, तर तुम्ही मला काय सांगितलं असतं?"

"हेच सांगितलं असतं," पद्मजा म्हणाली. मग तिला ते पुरे वाटले नाही. "सांगितलं असतं, पण छातीत इतकं धडधडलं नसतं."

त्रिशला पोटावर हात ठेवून बसली. "मग शुक्रवारपर्यंत थांबू," ती म्हणाली. "ह्यांना मी सांगते. काही झालं तर माझा निर्णय होता म्हणून सांगा. तुमचा नको."

पद्मजाने त्याच संध्याकाळी यंत्रातला हेलियम काढून घ्यायला सुरुवात केली.

पुढचे दोन दिवस तिला आयुष्यातले सर्वांत लांब वाटले. यंत्र तासाला सात-आठ अंशांनी तापत होते. हुक्केरी दिवसातून तीनदा सोनोग्राफी करत आणि बाहेर येऊन फक्त मान हलवत. नाही, विराम नाही. बुधवारी दुपारी मात्र पडद्यावरचे हृदय अचानक दिसेनासे झाले. हुक्केरींनी दांडी फिरवली, पुन्हा फिरवली. बाळाने कूस बदलली होती, एवढेच. हृदय दुसऱ्या बाजूला सापडले, चालू होते. त्रिशला हसली आणि मग तिला रडू आवरेना. सन्मती तिथून सरळ पद्मजाच्या खोलीत आला. दारात उभा राहून म्हणाला, "बाळाला काही झालं तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही." ती म्हणाली, "मला माहीत आहे." तो तिथेच बाकावर बसून राहिला. घरी गेला नाही.

गुरुवारी सकाळी यंत्र खोलीच्या तापमानाला आले. पद्मजाने सावकाश थंड करणारे शीतकयंत्र वापरलेच नाही. तिने द्रव नायट्रोजनची नळी थेट आतल्या टाकीला जोडली. असे करायला पुस्तिकेत स्पष्ट मनाई होती. वैदेही पुण्याहून फोनवर होती. झडप उघडताच पांढऱ्या वाफेचा लोट जमिनीवर पसरला. तापमान शून्य, उणे पन्नास, उणे शंभर. यंत्राच्या पोटातून टिक, टिक असे आवाज येऊ लागले. धातू आक्रसत होता. उणे एकशे वीस. तिने झडप पूर्ण उघडली. तेवढ्यात एक आवाज वेगळा आला, बांगडी पिचल्यासारखा, आणि लगेच दुसरा. पडद्यावरचे दोन संवेदकांचे दिवे विझले. तिचा हात झडपेवर गेला.

"थांबू नका," वैदेही फोनवर म्हणाली. "आता थांबलात तर तिथंच अडकाल."

तिने हात काढून घेतला. उणे एकशे सत्तर अंश पार व्हायला चार मिनिटे लागली. चौसष्टपैकी बासष्ट पापुद्रे शाबूत राहिले होते. संध्याकाळी हेलियम भरला. शुक्रवारी सकाळी सहा वाजता वेटोळे पलंगावर ठेवून तिने तीन तास पाहिले. एकही विराम नाही.

साडेनऊला त्रिशला पलंगावर आडवी झाली. शस्त्रक्रियेची खोली तयार ठेवली होती. हुक्केरी पद्मजाच्या मागे उभे होते, सन्मती काचेपलीकडे. पहिला अर्धा तास गेला. तासाभराने पद्मजाच्या लक्षात आले, की ती प्रत्येक ठोक्याला पायाचा अंगठा जमिनीवर दाबते आहे. पंच्याऐंशीव्या मिनिटाला बाळाने लाथ मारली आणि ठोके भराभर वाढले. वाढले, पण थांबले नाहीत. नव्वद मिनिटांत शून्य. हुक्केरींनी आणखी नव्वद मिनिटे करायला सांगितली. त्यातही शून्य.

सन्मती आत आला आणि बहिणीच्या खांद्यावर डोके ठेवून उभा राहिला. तेवढ्याच वेळात पद्मजाच्या मनात काचेच्या पेट्यांमधली ती तीन बाळे आली. तिला त्याच्या पाठीवरून हात फिरवता येईना.

दुपारी विश्वस्तांची बैठक झाली. यंत्र दुरुस्तीसाठी बंद होते, ते आता सुरू झाले आहे, एवढीच सूचना लावावी, असे बहुतेकांचे मत पडले. तिन्ही बाळे जगतील अशीच चिन्हे आहेत, आयांच्या डोक्याला उगाच ताप कशाला? हुक्केरींनी विरोध केला. आपण उद्या तिघींना बोलावून सांगणार, असे ते म्हणाले. बैठक निर्णयाशिवाय उठली. त्रिशलाला संध्याकाळी घरी सोडले. रात्री जेवताना सन्मतीने पद्मजाला समजावले. तू तुझे काम केलेस, बाळ वाचवलेस. आता कारखाना बघेल, विश्वस्त बघतील. सही तुझी आहे अक्का, पहिला दगड तुझ्यावरच पडेल. त्याच्या बोलण्यात माया होती, म्हणून ते ऐकणे जास्त अवघड गेले. त्रिशलाने नणंदेच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

शनिवारी सकाळी पद्मजा हुक्केरींची वाट न बघता नवजात कक्षाकडे गेली. तिघींपैकी फरीदा मुजावर तिथे रोज यायची. सलगरे गावची, पंचविशीतली, शिवणकाम करणारी. तिची मुलगी तिसाव्या आठवड्यात काढली होती, सव्वा किलोची. पद्मजा दिसली की फरीदा उठून उभी राहायची. ताई, तुमच्यामुळे, असे म्हणायची. आजही ती उठली.

पद्मजाने तिला बसवले आणि शेजारी बसून सगळे सांगितले. हायड्रोजन, पापुद्रे, नऊ तास, सोप्या शब्दांत, पण काही न गाळता. फरीदा काचेकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे तिला काहीच झालं नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"अजून दहा आठवडे ती माझ्या पोटात राहिली असती."

"हो."

"तुमच्या भावजयीचं तुम्ही थांबवलं. सगळ्या दवाखान्यात बोलतायत." फरीदाने आता तिच्याकडे पाहिले. "माझं का नाही थांबवलं?"

तेव्हा कळले नव्हते, असे उत्तर पद्मजाच्या ओठांवर आले होते. ते खरेही होते. पण कळले का नव्हते, तेही तिला ठाऊक होते.

"तुझा अहवाल आला तेव्हा मी तो बघितला आणि पुढं पाठवला," ती म्हणाली. "भावजय माझी होती म्हणून मी शोधायला बसले. तुझ्यासाठी बसले नाही."

फरीदाच्या हातातला रुमाल घट्ट आवळला गेला. ती ओरडेल, उठून जाईल, निदान रडेल, असे पद्मजाला वाटले. फरीदाने तसले काहीच केले नाही. आतून परिचारिकेने काचेवर टकटक केली. दूध देण्याची वेळ झाली होती. फरीदा उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"हे सगळं लिहून द्या," ती म्हणाली. "तारीख घालून, तुमच्या सहीनं. उद्या तिला दिसायला कमी आलं, चालायला उशीर झाला, तर माझ्या घरचे म्हणतील हिच्या पोटातच खोट होती. आताही म्हणतात."

पद्मजाने परिचारिकेकडून कागद मागून घेतला आणि बाकावर बसून गुडघ्यावर ठेवला. यंत्रापासून सुरुवात करावी म्हणून तिने दोन शब्द लिहिले.

"तसं नको," फरीदा म्हणाली. "आधी एवढंच लिहा. फरीदा मुजावरच्या मुलीचं हृदय पहिल्यापासून चांगलं होतं. यंत्राचं खाली लिहा."

पद्मजाने ते दोन शब्द खोडले आणि सांगितले तसे लिहिले. फरीदाने एकेका शब्दावर बोट ठेवत ती ओळ वाचली, आणि मग ती आत मुलीकडे गेली.